लिथियमची टिप आणि वऱ्हाडचा कापूस : खाणीआधीच्या कंपन्यांत पैसे घालण्यापूर्वी

गेल्या महिन्यात अकोल्यातल्या एका अभ्यासिकेत मार्गदर्शनासाठी गेले होते. बैठक संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, "ताई, लिथियम शोधणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतलेत. तीन महिन्यांत तिप्पट होणार असं ग्रुपवर सांगितलंय. पण भाव रोज खाली चाललाय. थांबू की विकू?"

मी विचारले, पैसे कुठून आणले? तो जरा वेळ गप्प राहिला. आईने शिलाई मशीनसाठी बचत गटातून चाळीस हजारांचे कर्ज घेतले होते. तेच पैसे. आणि कंपनीची खाण कुठे आहे? ते त्याला माहीत नव्हते. माहीत असणार तरी कसे, त्या कंपनीकडे खाण नव्हतीच.

अमरावतीतही असेच दोन-तीन अनुभव आले, म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटला. शेअर बाजारात आपल्या मुलांनी जाऊच नये असे माझे मत नाही. भांडवलाची भाषा आपल्यालाही आली पाहिजे. पण ज्यात पैसा घालतो ते काय आहे, हे आधी कळले पाहिजे.

खाण नसलेली खाण कंपनी

खाण व्यवसायात ढोबळमानाने दोन प्रकारच्या कंपन्या असतात. एक, जी प्रत्यक्ष खनिज काढून विकते. नागपूरला मुख्यालय असलेली 'मॉइल' ही सरकारी कंपनी मँगनीज काढते. तिच्या खाणी आहेत, कामगार आहेत, दरवर्षी विक्री होते. दुसरी, जी फक्त शोध घेते. जगभर त्यांना 'ज्युनिअर' कंपन्या म्हणतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारांत अशा शेकडो कंपन्या आहेत.

ज्युनिअर कंपनीकडे जमिनीच्या एका तुकड्यावर शोध घेण्याचा परवाना असतो, थोडे भूवैज्ञानिक असतात आणि एक आशा असते. विक्री शून्य. मग खर्च कशातून चालतो? नवे शेअर विकून. आलेल्या पैशातून जमिनीत भोके पाडायची, नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, पैसे संपले की पुन्हा शेअर विकायचे. बहुतेक ठिकाणी खाण करण्याजोगे काही सापडत नाही. सापडले तरी परवाने, जमीन, पाणी, रस्ता, कर्ज हे सगळे उभे राहीपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात.

म्हणजे या शेअरची किंमत आजच्या उत्पन्नावर ठरत नाही. उद्या त्या धातूला मागणी राहील, या लोकांच्या समजुतीवर ती ठरते. समजूत बदलली की किंमत बदलते.

मागणी वाढली की शेअर इतका का उडतो?

एक साधा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत. धातूचा भाव १०० रुपये आहे. चालू असलेल्या चांगल्या खाणीचा खर्च ५० रुपये, म्हणजे नफा ५०. हलक्या प्रतीच्या खनिजावर बसलेल्या कंपनीचा अंदाजे खर्च ९० रुपये, म्हणजे नफा फक्त १०.

आता भाव १२० झाला. चांगल्या खाणीचा नफा ५० वरून ७० झाला. हलक्या खनिजाचा १० वरून ३० झाला, म्हणजे तिप्पट! म्हणून तेजीत छोट्या कंपनीचा शेअर मोठ्या कंपनीपेक्षा कितीतरी जोरात पळतो. काल जो निव्वळ दगड होता, तो आज कागदावर खनिज ठरतो.

पण भाव ८५ वर आला तर? चांगली खाण ३५ रुपये कमावतच राहते. हलके खनिज पुन्हा दगड होते. टिप देणारा हिशेबाचा पहिला अर्धा भागच सांगतो.

यात आणखी एक मेख आहे. तेजी ओसरली की कंपनीला पैसे उभे करायला पडत्या भावात खूप जास्त शेअर विकावे लागतात. शंभर शेअरपैकी दहा तुमचे असतील आणि कंपनीने आणखी शंभर काढले, तर तुमचा दहा टक्के हिस्सा पाच टक्क्यांवर येतो. पुढे खरोखर खनिज सापडले, तरी तुमच्या वाट्याला निम्मेच येते.

हे वऱ्हाडाने आधी पाहिले आहे

आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पोटात मुख्यतः काळा बेसाल्ट आहे. लोखंड गडचिरोलीत, मँगनीज नागपूर-भंडाऱ्यात, कोळसा चंद्रपूर आणि वणीकडे. पण मागणीचा खेळ आपल्याला नवा नाही. आपले खनिज म्हणजे कापूस.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांचा अमेरिकेहून येणारा कापूस तुटला आणि सगळी मागणी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे निघाला, मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून नव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. समुद्र अजून जागेवरच होता, पण बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. हातात जमीन नसताना जमिनीचा शेअर आणि हातात खाण नसताना खाणीचा शेअर, गोष्ट एकच.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परत येणार हे कळताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे मिटवण्याचा दिवस होता, त्या दिवशी मुंबईतले मोठमोठे सटोडिये बुडाले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. आणि अकोल्यावरून नागपूरपर्यंत जाणारी रेल्वे पूर्ण झाली १८६७ मध्ये, तेजी संपून दोन वर्षे झाल्यावर.

इतके मागे जायलाही नको. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे कापूस क्विंटलला बारा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून किती घरांनी कापूस घरात भरून ठेवला, ते आठवा. भाव सात-आठ हजारांच्या घरात आला. वाट पाहण्याची किंमत कुणी मोजली, हे आपल्या गावांना माहीत आहे.

मागणी आज, खाण दहा वर्षांनी

खाणीचे दुखणे हेच की मागणी झटक्यात वाढते आणि पुरवठा वर्षांनी येतो. ऑस्ट्रेलियातल्या पोसायडन कंपनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्ध आणि कॅनडातल्या खाणींमधला संप यांमुळे निकेल महागले होते. तेव्हा तिला निकेल सापडले. एक डॉलरच्या आत असलेला शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरवर गेला. उत्पादन सुरू व्हायला १९७४ उजाडले. तोवर निकेलची टंचाई सरली होती आणि खनिजही अपेक्षेपेक्षा हलके निघाले. १९७६ मध्ये कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडली. निकेल खोटे नव्हते. फक्त ते येईपर्यंत मागणीची गरज उरली नव्हती.

लिथियमचेही असेच झाले. विजेच्या गाड्यांमुळे मागणी वाढली आणि २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या जवळ पोहोचला. जगभर नवे प्रकल्प सुरू झाले, माल बाजारात आला आणि साधारण वर्षभरातच भाव एक लाख युआनच्या आसपास आला. गाड्या विकल्या जातच होत्या. मागणी वाढत असतानाही भाव पडू शकतो, कारण पुरवठा तिच्यापेक्षा वेगाने वाढतो.

कधी मागणी एका धातूवरून दुसऱ्यावर उडी मारते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट आणि निकेल लागत नाही. त्या बॅटऱ्या पसरल्या, तसे कोबाल्टवर आशा लावून बसलेले अडचणीत आले.

'सापडले' म्हणजे नेमके काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम साठ्याची बातमी आली. आपल्या ग्रुपवरही ती फिरली. पण तो साठा 'अनुमानित' होता, म्हणजे प्राथमिक शोधातला अंदाज. पुढे त्या गटाचा लिलाव दोनदा काढला, दोन्ही वेळा पुरेसे बोलीदार न मिळाल्याने तो रद्द करावा लागला. अंदाजित साठा, तपासलेला साठा आणि फायद्यात काढता येईल असा साठा या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. टिपमध्ये तिन्हींना एकच शब्द असतो.

२०२३ च्या कायदा दुरुस्तीने आपल्या देशात लिथियम, कोबाल्ट, सोने, तांबे अशा २९ खनिजांसाठी खासगी शोध परवान्याची वाट उघडली. म्हणजे अशा कंपन्यांची नावे पुढे जास्त कानावर येणार. म्हणून पैसे घालण्यापूर्वी एवढे विचारा :

• कंपनी खनिज विकते की फक्त शोधते?
• हातातली रोकड किती महिने पुरेल?
• गेल्या तीन वर्षांत किती नवे शेअर काढले?
• भाव तीस टक्के पडला तरी प्रकल्प तग धरेल का?
• सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का? नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.
• हे सगळे पैसे बुडाले तर घरातले कोणते काम अडेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असेल, तरच पुढे जा. श्रीमंत माणूस अशा दहा कंपन्यांत थोडे थोडे घालतो. नऊ बुडाल्या तरी त्याची चूल पेटते. आपल्या घरात एकच रक्कम असते आणि तिच्यावर कुणाची तरी मशीन, फी किंवा औषध अवलंबून असते. जोखीम कागदावर सारखी दिसली, तरी दोन घरांत ती सारखी नसते.

त्या मुलाला मी 'थांब' की 'विक' हे सांगितले नाही. तो अधिकार माझा नाही. आम्ही दोघांनी मिळून कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. विक्रीच्या रकान्यात शून्य होते. तो बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "आईला कसं सांगू?" त्या संध्याकाळी मी त्याच्यासोबत त्याच्या घरी गेले. हप्ते कसे फेडायचे याचा हिशेब आम्ही तिघांनी बसून केला. कार्यकर्त्यांनी हे कामही आपले मानावे. आपल्या अभ्यासिकांमध्ये महिन्यातून एक तास घरच्या पैशाच्या हिशेबालाही मिळावा.

जय भीम.