पानांतील गळती आणि धान्याची तूट

धान्याची तूट पडली म्हणजे पाणी, खत व बियाणें यांचीच चर्चा होते. परंतु ज्या कारखान्यांत धान्य प्रथम तयार होतें त्या पानाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. हवेंतील कर्बवायु व मुळांनीं ओढलेलें पाणी यांपासून पान सूर्यप्रकाशाच्या साह्यानें साखर बनवितें, व तिच्यावरच दाणा भरतो. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात.

महसूल खात्यांत जन्म गेल्यामुळें आम्हांस प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च पाहण्याची खोड आहे. पानाच्या जमाखर्चांत दोन मोठ्या गळत्या आढळतात. पहिली अशी कीं, कर्बवायु पकडणारें ‘रुबिस्को’ नांवाचें द्रव्य मधून मधून प्राणवायुही पकडतें, व तें निस्तरण्यांत तयार माल खर्चीं पडतो. ऊस, ज्वारी, बाजरी व मका यांच्या पानांत कर्बवायु कोंडून घेण्याची सोय असल्यामुळें त्यांस ही तोशीस फारशी लागत नाहीं. भात, गहूं व सोयाबीन यांस लागते. दुसरी अशी कीं, कडक उन्हांत पान जादा प्रकाश उष्णतेच्या रूपानें टाकून आपला बचाव करितें. पण सावली आल्यावरही हा बचाव कांहीं मिनिटें चालूच राहतो, व कामाचा प्रकाश वायां जातो.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं या गळत्या बुजविण्याचा यत्न चालविला आहे. बचाव लवकर उठावा असा फेरफार केल्यानें तंबाखूच्या झाडाचें वजन शेंकडा १४ ते २० वाढलें, असें त्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. २०१९ सालीं पहिल्या गळतीस जवळची वाट काढून दिल्यानें ही वाढ शेंकडा ४० च्या सुमारास गेली. २०२२ सालीं सोयाबीनचा प्रयोग जाहीर झाला. त्यांत दाण्याचें उत्पन्न शेंकडा ३३ पर्यंत वाढलें व प्रथिनें घटलीं नाहींत. मात्र दुसऱ्या हंगामांत पीक लोळल्यामुळें ती वाढ स्पष्ट दिसली नाहीं. एका सालच्या पिकावर कायमची आणेवारी ठरवीत नाहींत, तोच न्याय येथेंही लावावा.

तोंपर्यंत शेतकरी बंधूंनीं हातचें सोडूं नये. रुबिस्को नत्रावर बनतें, म्हणून वेळेवर नत्र द्यावें. तणास प्रकाश चोरूं देऊं नये. दाणा भरेपर्यंत पान हिरवें व निरोगी राखावें. प्रकाशसंश्लेषण वाढवितों असें सांगून कोणी औषध विकूं आल्यास चार ओळी फवारून व चार तशाच ठेवून दोहोंचे दाणे निरनिराळे तोलावे. तराजू सांगेल तेवढेंच खरें मानावें, असें आमचें मत आहे.