थीम पार्कच्या सहलीला कॅमेरा कोणता न्यावा?

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शहरातील घराघरांत सहलीचे बेत रंगू लागतात. वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ ही ठिकाणे मुलांच्या पायाखालची झालेली असतात. त्यांचा आग्रह असतो तो थीम पार्कचा किंवा वॉटर पार्कचा. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका येथून सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात आहे. शिर्डीचे वॉटर पार्क त्याहून कितीतरी जवळ. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून सकाळी निघून रात्री घरी परतणेही सोपे झाले आहे.

गाडी, तिकिटे, मुलांचे जादा कपडे, खाऊचे डबे यांची तयारी आठवडाभर चालते. कॅमेऱ्याचा निर्णय मात्र आदल्या रात्री घाईघाईत होतो. परिणामी घरातील एखादा सदस्य गळ्यात वजनदार कॅमेरा अडकवून दिवसभर बाकावर बसून राहतो, किंवा कुटुंबातील एकमेव चांगला मोबाइल पहिल्याच घसरगुंडीवर पाण्यात जातो. थोडा आधी विचार केला तर हे दोन्ही टाळता येते.

रोलपासून मोबाइलपर्यंत

गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, त्या काळात मराठवाड्यातून मुंबईच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबाकडे बहुधा ३६ छायाचित्रांचा एक रोल असे. जपून वापरायचा, घरी आल्यावर स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि दोन-चार फोटो हलले म्हणून हळहळायचे, अशी रीत होती. पुढे खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे आले आणि घरोघरी पोचले. जपानी उत्पादकांच्या 'सीपा' या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली ही संख्या ऐंशी लाखांच्याही खाली आली होती. मधल्या काळात छोट्या कॅमेऱ्याची जागा मोबाइलने घेतली. एस्सेलवर्ल्डही आता बंद झाले आहे.

त्यामुळे आज बहुतेक कुटुंबांपुढे 'कोणता कॅमेरा विकत घ्यावा' हा प्रश्न नसतो. घरात दोन-तीन मोबाइल असतातच, कपाटात एखादा डीएसएलआर असतो, भाचा किंवा शेजारी अॅक्शन कॅमेरा द्यायला तयार असतो. यांतले बरोबर काय न्यावे आणि घरी काय ठेवावे, एवढेच ठरवायचे असते.

याचे उत्तर छायाचित्रांच्या दर्जापेक्षा दिवसाच्या स्वरूपात दडलेले आहे. थीम पार्कमध्ये कॅमेरा हातात असण्यापेक्षा ठेवून दिलेला असण्याचाच वेळ अधिक असतो. राइडवर तो चालत नाही, पाण्यात चालत नाही, जेवताना अडचण होतो. म्हणून या सहलीसाठी कॅमेरा निवडताना पहिली कसोटी एकच : तो चटकन खिशात किंवा लॉकरमध्ये ठेवता येईल काय, आणि ठेवल्यावर जीव त्याच्यातच अडकून राहणार नाही काय?

एकाच दिवसात चार परीक्षा

थीम पार्कमध्ये कॅमेऱ्याला चार निरनिराळ्या परिस्थितींना सामोरे जावे लागते.

पहिली भर उन्हाची. एप्रिल-मेमधील दुपारी प्रकाश भरपूर असतो. अशा वेळी साधा मोबाइल आणि महागडा कॅमेरा यांच्या छायाचित्रांत सामान्य दर्शकाला फारसा फरक जाणवत नाही. अडचण येते ती डोक्यावरच्या सूर्याने चेहऱ्यावर पाडलेल्या काळ्या सावल्यांची. त्यावर उपाय कॅमेऱ्यात नसून जागेत आहे. मुलांना झाडाच्या किंवा छताच्या सावलीत उभे केले की काम होते.

दुसरी परीक्षा वेगाची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा डबा एका सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढा वेळ शटर उघडे राहिले तर फोटोत चेहऱ्याऐवजी रेघा उमटतात. हाच वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणला तर डबा दोन सेंटिमीटरही हलत नाही. मोबाइलमध्ये 'बर्स्ट' म्हणजे एकामागोमाग अनेक छायाचित्रे टिपण्याची सोय असते. उन्हात तीच कामी येते.

तिसरी परीक्षा अंधाराची. अंधाऱ्या दालनांतून फिरवणाऱ्या राइडमध्ये फ्लॅशचा उपयोग जवळपास शून्य असतो. मोबाइलचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही आणि इतरांचा रसभंग मात्र नक्की होतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, हे आपल्या जिल्ह्यातील लोकांना ठाऊक असतेच. तीच शिस्त येथेही पाळावी. चौथी परीक्षा अर्थातच पाण्याची.

मोबाइल पुरेसा, पण एकटा नको

दहापैकी आठ-नऊ प्रसंगी मोबाइल पुरेसा ठरतो. तो खिशात मावतो, अंधारात अनेक छायाचित्रे एकत्र करून एक उजळ छायाचित्र तयार करतो आणि लगेच आजी-आजोबांना पाठवताही येते. तथापि, सहलीच्या दिवशी मोबाइल म्हणजे केवळ कॅमेरा नसतो. त्यातच तिकीट असते, यूपीआयचे पैसे असतात, परतीचा रस्ता असतो आणि गर्दीत चुकलेल्या माणसाला शोधण्याचे साधनही तोच असतो. दुपारी तीनला बॅटरी संपली किंवा मोबाइल भिजला, तर हे सगळेच एकदम जाते.

म्हणून घरातील मोबाइलची कामे आधीच वाटून घ्यावीत. एक मोबाइल छायाचित्रांसाठी आणि दुसरा तिकिटे, पैसे व संपर्क यांसाठी. दुसऱ्यावर चित्रीकरण करू नये आणि तो पाण्याजवळही नेऊ नये. थोडी रोख रक्कम व जवळच्या दोघांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वेगळी ठेवावी. उन्हाचाही विचार करावा. बहुतेक मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. मराठवाड्यातील मे महिन्यात पारा त्याच्या वर असतो. सतत चित्रीकरण केल्यास मोबाइल तापून कॅमेरा बंद पडू शकतो. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर तो कधीच ठेवू नये.

डीएसएलआर न्यावा काय?

मोठा कॅमेरा म्हणजे आपोआप उत्तम छायाचित्र, असा समज आहे. त्यात अर्धेच तथ्य आहे. कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो, हे सेन्सरचा आकार आणि लेन्सचे छिद्र या दोन गोष्टींवर ठरते. घरगुती डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. चांगल्या मोबाइलचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. येथे डीएसएलआर पुढे आहे. मात्र त्याच्यासोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सचे छिद्र एफ ३.५ ते एफ ५.६ असते, तर मोबाइलचे एफ १.८ च्या आसपास. एफ १.८ चे छिद्र सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर एफ ३.५ च्या तुलनेत जवळपास चौपट आणि एफ ५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट प्रकाश सोडते. म्हणजे सेन्सर मोठा असण्याचा बराचसा लाभ साध्या लेन्समुळे तेथेच खर्ची पडतो. अंधाऱ्या राइडमध्ये मोबाइलचा फोटो बरा आणि डीएसएलआरचा काळपट का येतो, याचे हे कारण आहे.

डीएसएलआरचे खरे बळ दूरच्या वस्तूला जवळ आणण्यात आहे. उंच पाळण्यातील मुलाचा चेहरा किंवा रंगमंचावरील कार्यक्रम टिपायचा असेल, तर झूम लेन्सला तोड नाही. पण साध्या लेन्ससह अशा कॅमेऱ्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास जाते. झूम लेन्स व पिशवी धरली की ते आणखी वाढते. शिवाय तो सांभाळण्यासाठी कोणीतरी राइड सोडावी लागते. घरात एखादी व्यक्ती तशीही राइडवर बसणार नसेल आणि तिला छायाचित्रणाची हौस असेल, तरच हा कॅमेरा न्यावा. काही ठिकाणी मोठ्या कॅमेऱ्यांसाठी किंवा व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवानगी लागते. तिकीट काढतानाच त्याची चौकशी करावी.

पाण्यात उतरण्यापूर्वी

'माझा मोबाइल वॉटरप्रूफ आहे' हे वाक्य वॉटर पार्कमध्ये महागात पडू शकते. 'आयपी ६८' या मानांकनातील ६ हा आकडा धुळीसाठी व ८ हा पाण्यासाठी असतो. ही चाचणी स्वच्छ व संथ पाण्यात, ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळ घेतली जाते. घसरगुंडीवरून आदळणारे क्लोरीनयुक्त पाणी त्या चाचणीत नसते. वापराने मोबाइलमधील रबरी बंद झिजतात, दुरुस्तीत तो उघडला गेला असेल तर खात्री आणखी कमी होते. पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

गळ्यात अडकवण्याची पारदर्शक पिशवी हा स्वस्त पर्याय आहे, मात्र ती आधी तपासून घ्यावी. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून पिशवी अर्धा तास बादलीत बुडवावी. कागद किंचितही ओलावला तर ती पिशवी वापरू नये. पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, त्यामुळे आवाजाच्या बटणाने फोटो काढण्याची सोय सुरू करून ठेवावी.

पाण्यात वारंवार जाणाऱ्यांसाठी अॅक्शन कॅमेरा उपयुक्त आहे. गोप्रो कंपनीने २०१६ साली आणलेला हीरो ५ ब्लॅक हा कोणत्याही आवरणाविना १० मीटर खोलीपर्यंत चालत असे. ती सोय आता या प्रकारातील बहुतेक कॅमेऱ्यांत दिसते. मात्र हे कॅमेरे अंधारात दुबळे असतात आणि त्यांच्या रुंद लेन्समुळे जवळचे चेहरे ताणल्यासारखे दिसतात. पाण्यावर तरंगणारी मूठ लावल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नयेत. वर्षातून एकाच सहलीसाठी नवा घेण्यापेक्षा परिचितांकडून दिवसभरासाठी आणणे शहाणपणाचे.

वॉटर पार्कमध्ये आणखी एक भान हवे. आपल्या चौकटीत इतर कुटुंबांतील स्त्रिया व मुले येणार नाहीत, याची काळजी घ्यावी. कपडे बदलण्याच्या जागेजवळ तर कॅमेरा बाहेर काढूच नये. खासगी क्षणी स्त्रीचे संमतीविना चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

रोलर कोस्टरवर रिकामे हात

इमॅजिकातील 'नायट्रो' हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच असून त्यात पायाखाली तळ नसतो. अशा उंचीवरून निसटलेली वस्तू, हवेचा विरोध सोडून दिल्यास, जमिनीवर येईपर्यंत ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग घेते. पावशेर वजनाचा मोबाइल या वेगाने खाली उभ्या असलेल्या कोणाच्या डोक्यावर पडला तर काय होईल, हे सांगावयास नको. कर्मचारी खिसे रिकामे करायला लावतात, त्यामागे हे कारण असते. छातीला बांधलेला कॅमेराही त्यांच्या परवानगीविना नेऊ नये. अनेक उद्यानांत राइडवरील क्षण तेथील यंत्रणाच टिपते आणि बाहेर पडताना ते छायाचित्र विकत मिळते. जोखीम घेण्यापेक्षा तो खर्च परवडतो.

कोणी काय न्यावे?

– लहान मुलांसह जाणारे कुटुंब : दोन मोबाइल व एक पॉवर बँक. आणखी काही नको.

– वॉटर पार्कची सहल : तपासलेल्या पिशवीत जुना मोबाइल किंवा उसना अॅक्शन कॅमेरा. मुख्य मोबाइल लॉकरमध्ये.

– राइडवर न बसणारे हौशी छायाचित्रकार : डीएसएलआर व एकच झूम लेन्स.

– आजी-आजोबा सोबत असल्यास : जागीच कागदावर फोटो देणारा इन्स्टंट कॅमेरा. इन्स्टॅक्स मिनीच्या पाकिटात १० फोटो असतात व प्रत्येक चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचे येते. फिल्म उन्हात तापू देऊ नये, रंग बिघडतात.

– नवा कॅमेरा घेतलेला असल्यास : आधीच्या रविवारी सिद्धार्थ उद्यानात एक संध्याकाळ सराव करावा. थीम पार्कच्या रांगेत उभे राहून बटणे शोधण्यात अर्थ नाही.

पहिला फोटो आणि शेवटचा

कॅमेरा कोणताही असो, दिवसातील पहिला फोटो प्रवेशद्वाराशीच काढावा. प्रत्येक मुलाचा पूर्ण उभा, त्या दिवशीच्या कपड्यांसह आणि चपला दिसतील असा. गर्दीत मूल चुकले तर घाबरलेल्या पालकांना शर्टाचा रंगही आठवत नाही. सुरक्षारक्षकाला दाखवायला तो फोटो हाती असला की शोध लवकर सुरू होतो. दिवसभरातील सर्वांत उपयोगी छायाचित्र कदाचित हेच ठरेल.

दुसरी बाब कॅमेऱ्यामागील व्यक्तीची. सहलींचे जुने अल्बम चाळले तर घरातील एक चेहरा बहुतेक फोटोंत गैरहजर असतो. फोटो काढण्याचे काम त्याच्याकडे किंवा तिच्याकडे असते, म्हणून. दर दोन तासांनी कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा, मुलांनाही द्यावा. त्यांनी काढलेले फोटो वाकडे येतील, पण त्यांत आई-बाबा असतील.

रात्री मुक्कामी किंवा घरी पोचताच सर्व छायाचित्रांची एक प्रत संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर ठेवावी. मोबाइल हरवला तर वर्षभराच्या आठवणी त्याच्यासोबत जातात. महिनाभरात त्यांतील वीस फोटो निवडून शहरातील एखाद्या स्टुडिओतून छापून घ्यावेत. रोलच्या काळात छत्तीसच फोटो असत, पण ते पाहुण्यांसमोर अल्बममधून निघत. आज हजार फोटो निघतात आणि मोबाइल बदलताना कुठे जातात, ते कळतही नाही. वीस फोटोंचा एक छोटा अल्बम ही उणीव भरून काढण्यास पुरेसा आहे.