बोलके कार्ड

प्रवासाचे भाडे ही रक्कम तशी लहान. पण ती गोळा करण्याचे काम मात्र मोठे आहे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक घटकाभर बसते, भाव करते आणि मग पैसे देते. बसमध्ये किंवा आगगाडीच्या स्थानकावर एवढी सवड कोणालाच नसते. हजारो माणसे एकाच वेळी येतात, प्रत्येकाला निराळ्या ठिकाणी जावयाचे असते आणि प्रत्येकजण घाईत असतो. पत्र्याच्या पेटीत निरनिराळ्या रंगांची तिकिटे रचून, हातातील पंच टकटक वाजवीत गर्दीतून वाट काढणारा वाहक मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी पाहिला. भाडे, टप्पा, मोड आणि उतारूंचे चेहरे हे सारे त्याला एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागे. त्यातून 'सुटे द्या' या दोन शब्दांवरून किती भांडणे झाली असतील, त्याची गणती कोण करणार?

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हाँगकाँग शहरात ही अडचण फारच तीव्र होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सापडलेली चिंचोळी जमीन, तिच्यावर दाटीने उभ्या असलेल्या उंच इमारती, आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक वाहनांनी ये-जा करणारे. सकाळी घरातून निघालेला मनुष्य बसने बंदरावर येई, बोटीने पलीकडच्या तीरावर जाई आणि तेथे ट्राम किंवा भुयारी रेल्वे पकडी. प्रत्येक ठिकाणी कंपनी वेगळी आणि भाडेही वेगळे. बसमध्ये दाराजवळच्या पेटीत नेमकी नाणी टाकावी लागत. जास्त पडली तर ती परत मिळत नसत.

१९७९ साली तेथे भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या तिकिटावर, ध्वनिमुद्रणाच्या फितीवर असतो तसा, चुंबकीय द्रव्याचा थर असे. तिकीट फाटकाच्या फटीत सरकवले की आतील चाके ते ओढून घेत, यंत्र त्यावरील नोंद वाची आणि तिकीट दुसऱ्या बाजूने बाहेर टाकी. कल्पना चांगली होती. तथापि जेथे चाके फिरतात तेथे झीज आलीच. धूळ बसे, घडी पडलेले तिकीट मध्येच अडके, आणि एक तिकीट अडकले की त्याच्यामागची सारी रांग खोळंबे.

यावर उपाय शोधण्यासाठी १९९४ साली दोन रेल्वे कंपन्या, दोन बस कंपन्या आणि एक बोट कंपनी अशा पाच संस्था एकत्र आल्या. एरवी एकमेकींच्या उतारूंवर डोळा ठेवून असणाऱ्या या कंपन्या एका पेटीत पैसे ठेवावयास तयार झाल्या, हेच माझ्या मते या कथेतील पहिले आश्चर्य होय. १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ सप्टेंबर रोजी, तेथे नवे कार्ड सुरू झाले. त्याचे इंग्रजी नाव 'ऑक्टोपस', म्हणजे अष्टपाद. चिनी नावाचा अर्थ 'आठही दिशांना पोहोचविणारे' असा आहे. आपण अष्टदिशा म्हणतो, तीच ही कल्पना. पहिल्या तीन महिन्यांत ३० लाख कार्डे लोकांच्या हाती गेली. हे कार्ड फटीत घालावे लागत नाही. फाटकावरील ठरावीक जागेजवळ ते नुसते धरावयाचे. पाकिटातून बाहेर काढण्याचीही गरज नाही. 'दुत्' असा बारीक आवाज होतो आणि वाट मोकळी होते. हा आवाज लोकांच्या कानांत इतका बसला की तेथील बोलभाषेत त्यावरून एक क्रियापदच तयार झाले.

कार्ड तर मुके आणि थंड दिसते. त्यात घड्याळात असतो तसा विद्युत्घट नाही, की कोठे तार जोडलेली नाही. मग ते बोलते कशाच्या बळावर? कार्ड उकलून पाहिले तर आत दोनच वस्तू आढळतील. कडेकडेने फिरवलेले बारीक तारेचे काही वेढे आणि त्या तारेच्या दोन टोकांना जोडलेली, तांदळाच्या दाण्याएवढी सिलिकॉनची चिप. चिपमध्ये गणित करण्याची आणि आकडे साठवून ठेवण्याची सोय असते. मात्र वीज मिळेपर्यंत ती निजलेली असते.

ही वीज तिला फाटक देते. १८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर त्या वेटोळ्यात आपोआप विद्युत्प्रवाह निर्माण होतो. फाटकाच्या पृष्ठभागाखाली असेच एक वेटोळे दडविलेले असते. त्यातून वाहणारा प्रवाह आपली दिशा सतत उलटसुलट करीत असतो; हा फेरा एका सेकंदात १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा पुरा होतो. त्यामुळे फाटकाभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच वेगाने बदलत असते. कार्ड त्या क्षेत्रात शिरले की त्याच्या तारेत प्रवाह उत्पन्न होतो आणि चिप जागी होते. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. म्हणून कार्ड फाटकापासून काही सेंटिमीटरांच्या आत आणावे लागते, आणि म्हणूनच रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचे पैसे चुकून कापले जात नाहीत. कार्ड धातूच्या डबीत ठेवले असेल तर मात्र ते जागे होत नाही, कारण चुंबकीय क्षेत्राचा बदल धातूतच अडतो.

फाटकाचे बोलणे कार्डाला कळते, ते या क्षेत्राच्या जोरात केलेल्या सूक्ष्म चढउतारांवरून. पण कार्डाने उत्तर कसे द्यावे? त्याच्याजवळ स्वतःची शक्ती नाही. येथे जात्याचे उदाहरण घ्यावे. दोघीजणी एका खुंट्याला धरून दळत बसल्या असता, एकीने हात किंचित सैल केला की दुसरीच्या हाताला भार लगेच जाणवतो. शब्द उच्चारण्याचे कारण पडत नाही. कार्डही तसेच करते. फाटकाकडून घेतलेल्या शक्तीचा भार ते क्षणात वाढवते, क्षणात कमी करते. आपल्या वेटोळ्यावर पडणारा हा कमीअधिक भार फाटक ओळखते आणि त्यातून शून्य व एक या दोन अंकांची भाषा जुळवते. अशा रीतीने सेकंदाला दोन लाखांहून अधिक अंक या बाजूचे त्या बाजूला जाऊ शकतात.

संभाषणाचा आरंभ ओळख पटवण्यापासून होतो. किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी रात्री येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारी. परंतु तो शब्द झुडपाआड दडलेल्या शत्रूच्या हेराने ऐकला, तर दुसऱ्या क्षणी तोही तोच शब्द सांगून आत येऊ शकेल. म्हणून फाटक कार्डाला शब्द विचारीतच नाही. ते कोडे घालते. फाटक एक आकडा मनास येईल तसा निवडते आणि कार्डाकडे पाठवते. दोघांजवळही एक गुप्त किल्ली, म्हणजे एक मोठी संख्या, आधीच ठेवलेली असते. कार्ड त्या किल्लीच्या साहाय्याने आलेल्या आकड्यावर गणित करते आणि केवळ उत्तर परत धाडते. उत्तर जुळले तर कार्ड खरे. मग कार्डही फाटकाला तसेच कोडे घालते, कारण फाटक खोटे असण्याचा संभव असतोच. किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही, आणि दर वेळी आकडा नवा असल्यामुळे चोरून ऐकलेले उत्तर पुन्हा उपयोगी पडत नाही.

ओळख पटल्यावर शिल्लक वाचली जाते, भाडे वजा होते, नवी शिल्लक कार्डावर लिहिली जाते, आणि ती नीट उमटली की नाही हे पाहिले जाते. कोणी घाईने मध्येच हात मागे घेतला तर? अर्धवट लिहिलेली नोंद कार्ड ग्राह्य धरीत नाही; जुनी शिल्लकच कायम राहते. हे सारे सुमारे ०.३ सेकंदात आटोपते. एवढ्या अल्पावधीत कोठल्याही मध्यवर्ती कचेरीला विचारणे होत नाही, कारण पैशाचा हिशेब कार्डातच आहे. डोंगरातील आडवाटेने जाणाऱ्या बसमधील यंत्रही म्हणूनच बिनचूक काम करते. दिवसभराच्या नोंदी ते मागाहून कचेरीकडे धाडते.

गणिताचे हे कुलूप किती भक्कम असावे, याविषयी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नेदरलंड देशात व लंडनमध्ये प्रवासासाठी 'मायफेअर क्लासिक' नावाच्या चिपची कार्डे वापरात होती. तिच्यातील गणिताची रीत कंपनीने गुप्त ठेवली होती. रीतच ठाऊक नाही तर कुलूप कोण उघडणार, असा तिचा भरवसा. २००७ च्या डिसेंबरात जर्मनीतील दोन संशोधकांनी चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्या रीतीचा पुष्कळसा उलगडा केला. पुढे नेदरलंडमधील नायमेखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते कुलूप पुरतेच उघडून दाखविले. कंपनीने त्यांचा निबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. परंतु २००८ च्या जुलैत न्यायालयाने बंदी नाकारली. लंडनला यथावकाश आपल्या कार्डांतील चिप बदलावी लागली. गंमत अशी की, कुलपाची रचना शत्रूला ठाऊक झाली तरी चालावे, गुप्त राहावी ती किल्ली, हा नियम ऑग्यूस्त केर्कहोफ्स याने १८८३ सालीच लिहून ठेवला होता. आणि तो जन्माने डच होता!

अष्टपादानंतर अशी कार्डे अनेक देशांत आली. टोकियोच्या रेल्वेत २००१ साली, लंडनमध्ये २००३ साली. भारतात सर्व शहरांतील वाहनांसाठी एकच कार्ड असावे या हेतूने 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे सुरू झाले, आणि मुंबईच्या मेट्रोसाठी त्याच जातीचे 'मुंबई वन' हे कार्ड १९ जानेवारी २०२३ रोजी निघाले. हाँगकाँगमध्ये हे कार्ड लवकरच स्थानकाबाहेर पडले. पावाच्या दुकानात, गाडी उभी करण्याच्या जागी, इमारतीच्या दारात, इतकेच नव्हे तर शाळांतून मुलांची हजेरी घेण्यासाठीही ते वापरले जाऊ लागले. त्यात एक सहृदय सोयही आहे. कार्डात थोडे पैसे उरले असतील, पण ते भाड्याला पुरेसे नसतील, तरी एकवार फाटक उघडते. तूट कार्डाच्या अनामत रकमेवर धरली जाते आणि पुढच्या भरण्यातून वळती होते. रात्री घरी परतणारा मनुष्य दोन-चार नाण्यांसाठी वाटेत अडकत नाही.

नाणे आणि कार्ड यांत मात्र एक मोठा भेद आहे. नाणे हात बदलते आणि मागचे सारे विसरते. कार्ड विसरत नाही. कोणत्या फाटकातून आत गेले, कोणत्यातून बाहेर आले, किती वाजता, याची नोंद राहते. ती राहते म्हणून तर अंतराप्रमाणे नेमके भाडे आकारता येते. हाँगकाँगमध्ये साधे कार्ड विकत घेताना नाव सांगावे लागत नाही. ते हरवले तर हरवलेल्या नाण्यासारखेच, ज्याला सापडेल त्याचे. नाव आणि छायाचित्र असलेले दुसरे कार्डही मिळते; ते हरवल्याची वर्दी दिली की ते बंद करून उरलेली रक्कम परत मिळू शकते. सोय हवी असेल तर नाव द्यावे, असा हा सौदा.

या सौद्याची दुसरी बाजू २०१० साली उघड झाली. खरेदीवर बक्षिसे देणारी एक योजना कार्डाच्या कंपनीने चालविली होती, आणि तिच्यात लोकांनी आपली नावे व दूरध्वनी क्रमांक विश्वासाने नोंदविले होते. ही माहिती कंपनीने इतर व्यापाऱ्यांना पुरविली असल्याचे त्या वर्षीच्या जुलैत बाहेर आले. अशी माहिती सुमारे १९ लाख ७० हजार लोकांची होती, आणि तिच्यापासून कंपनीला ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर मिळाले होते. लोक संतापले. चौकशी झाली, कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले, आणि २०१२ साली कायदा सुधारून असे करण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घेण्याचे बंधन घालण्यात आले.

२०१९ च्या जूनमध्ये हाँगकाँगमध्ये सरकारविरुद्ध मोठमोठी निदर्शने झाली. त्या दिवसांत भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर एक अनोखे दृश्य दिसले. निदर्शनांहून परतणारी तरुण मंडळी तिकिटांच्या यंत्रांपुढे लांबच लांब रांगा लावून उभी होती. बहुतेकांच्या खिशांत कार्ड होते, ते फाटकाजवळ धरण्याचाच काय तो अवकाश होता. परंतु आपण कोठून निघालो आणि कोठे उतरलो हे कार्डाला कळू नये, म्हणून नाणी टाकून ते एकेरी तिकीट विकत घेत होते. त्या तिकिटावर नाव नसते. बाहेर पडताना फाटक ते आत ओढून घेते, आणि पुढे ते दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा विकले जाते.