वाट देणाऱ्यांचा रस्ता

नेपल्सच्या विमानतळावरून पोझितानोला जायला चालकासह गाडी ठरवली, तर अंतर साठेक किलोमीटर आणि वेळ किमान दीड तास. कास्तेल्लाम्मारेपर्यंत द्रुतगती मार्ग, मग डोंगरातला लांबलचक बोगदा. तिथवर कोणीही गाडी हाकावी. मेता गाव मागे पडलं की कड्याचा रस्ता सुरू होतो, आणि चालकाला पैसे कशाचे देतो ते तिथून पुढे कळतं.

हा राष्ट्रीय मार्ग 163. एकोणिसाव्या शतकात, बूर्बाँ राजवटीत, घोडागाड्यांच्या काळात चुनखडीचा कडा फोडून बांधलेला. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला बुटका कठडा आणि खाली समुद्र. रुंदी वाढवायची तरी कुठे? इटलीत वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे जाताना आपली गाडी समुद्राच्याच कडेने जाते. उजव्या खिडकीतून ली गाल्लीची बेटं दिसतात.

मी मात्र चालकाकडे बघत होते. आंधळं वळण आलं की आखूड हॉर्न, मग नजर वळणावरच्या बहिर्गोल आरशाकडे. आरशात बस दिसली की तो वळणात शिरतच नाही. अलीकडे जरा ऐसपैस जागा बघून खडकाकडे नाही, कठड्याकडे सरकतो, बाजूचा आरसा मिटून घेतो आणि थांबतो. बस पूर्ण रस्ता व्यापत वळते, वीतभर अंतरावरून निघून जाते. दोघे चालक एकमेकांना हात करतात. थोडा आधी थांबल्यामुळे कोणालाच गाडी मागे घ्यावी लागत नाही. सगळं कसब या आधी थांबण्यात आहे.

2022 पासून गर्दीच्या दिवसांत इथे सम-विषम नंबरप्लेटचा नियम आला. परवानाधारक प्रवासी गाड्यांना त्यातून सूट आहे. मला ती रास्त वाटते. वळणात एक नवखा अडकला, तर त्याच्या मागे बसमधून कामाला निघालेलं गावही अडकतं.

पोझितानोत वाहनांसाठी मुळात एकच वळसा आहे. वरच्या कियेझा नुओवापासून विआले पाझितेआ हा एकेरी रस्ता उतरत पियाझ्झा देई मुलिनी या चौकापर्यंत येतो आणि पलीकडून पुन्हा वर चढतो. चौकाच्या खाली, रंगीत फरशांच्या घुमटाच्या चर्चकडे आणि पुळणीकडे पायीच जायचं. सामान हमालाच्या हवाली करायचं, नाहीतर पायऱ्यांवरून स्वतः वाहायचं.

म्हणून खोली ठरवतानाच हॉटेलला विचारून घ्यावं: गाडी नेमकी कुठे थांबते, तिथून पायऱ्या चढायच्या की उतरायच्या, हमाल मिळेल का. उत्तर चालकाला आधीच कळवावं. एकेरी रस्त्यावर थांबा चुकला, तर पूर्ण वळसा पुन्हा घालावा लागतो, आणि तेवढा वेळ त्या अरुंद रस्त्यावर आपण आणखी एक गाडी वाढवलेली असते.