कोरी पानं गेली, पुस्तकं उरली

बालभारतीच्या पुस्तकांतली कोरी पानं गेली, तेव्हा फारशी हळहळ कुणाला वाटली नाही. दप्तर हलकं व्हावं म्हणून २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे भाग पाडले, नोंदींसाठी पानं जोडली. पोरं वह्या आणतच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. कागद गेला तो गेलाच.

आता जूनमध्ये जळगाव-धुळ्याच्या शाळांत पुन्हा जुनीच ताकीद: कव्हर घाला, पानं दुमडू नका. मुलं काही बेपर्वा नसतात. पुस्तकाला पाय लागला की लगेच नमस्कार करतात, दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात. मात्र दिवाळीपर्यंत त्याच पुस्तकाचं शेवटचं पान विमान होऊन उडालेलं असतं. भक्ती आहे, निगा नाही.

निगा पाहायची तर धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जावं. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे जपली आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर निव्वळ लेखनाच्या कारागिरीवर आहे. कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून पानाभोवती जागा सोडा, असं समर्थ रामदास बजावतात. पोथीसाठी मेणकापड, पेट्या, कुलपंही सांगतात. हाताने उतरवलेली पोथी पुढच्या वाचणाऱ्याला द्यायची, हे तेव्हा गृहीतच होतं.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ मध्ये शिक्षक म्हणून आलेल्या साने गुरुजींची निगा शिकवण्याची तऱ्हा निराळी. वसतिगृहात मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, पसारा आवरत, कपडे धूत. सूचनाफलकाने जे साधत नाही, ते गुरुजींच्या हातातली केरसुणी पाहून साधे. मुलं ओशाळून कामाला लागत.

पण निगेला कारणही लागतं. आठवीपर्यंतची पुस्तकं समग्र शिक्षा योजनेतून फुकट मिळतात आणि वर्ष सरलं की बरीचशी रद्दीत जातात. पूर्वी वरच्या वर्गातल्या पोराकडून निम्म्या किमतीत पुस्तक घ्यायचे, खोडरबराने पेन्सिलीच्या खुणा पुसायचे. पुस्तक पुढे विकायचंय म्हटल्यावर मालक आपोआप जपायचा. पहिली-दुसरीच्या पुस्तकांत रंगवायचं, जोड्या लावायच्या. ती परत घेण्यात अर्थ नाही. पण पाचवीपासून पुढची एप्रिलमध्ये शाळेत जमा करून, आतल्या पानावर वापरणाऱ्यांची नावं ओळीने लिहायला काय हरकत आहे? अभ्यासक्रम काही दरवर्षी बदलत नाही.