बडग्याच्या शहरात दोन रिकामटेकडे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती नावाच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे परंपरेने सांगितले जाते. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा ठपका असलेल्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बांकाबाई भोसले यांच्याशी काळ्या मारबतीचा संबंध जोडतात. मारबतीसोबतचा बडग्या हा पुतळा मात्र दरवर्षी नवे रूप घेतो. कधी तो महागाईचा असतो, कधी भ्रष्टाचाराचा, कधी दहशतवादाचा. त्याच्या अंगावरच्या पाट्या सभ्यपणाची फिकीर करत नाहीत आणि मिरवणूक संपली की त्याला जाळतात. म्हणजे जुने पात्र चालू काळात आणून मोठ्यांनी त्याच्याकरवी उद्धट विनोद करायचा, ही रीत नागपूरला नवी नाही. ‘बीव्हिस अँड बट-हेड’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या पुनरागमनाकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

माइक जज यांची ही मालिका ८ मार्च १९९३ रोजी एमटीव्हीवर सुरू झाली. टेक्सासमधल्या हायलँड या काल्पनिक गावातली दोन किशोरवयीन मुले सोफ्यावर बसून गाण्यांचे व्हिडिओ पाहतात, त्यांवर शेरे मारतात आणि मूर्खासारखी हसतात. अभ्यास नाही, काम नाही, महत्त्वाकांक्षा तर नाहीच. दोघांचाही आवाज जज यांचाच. १९९७ मध्ये मालिका थांबली, २०११ मध्ये थोडा काळ परतली आणि २०२२ मध्ये पॅरामाउंट प्लसवर आधी चित्रपट व मग नवी मालिका आली. चित्रपटात ही दोघे १९९८ सालातून कृष्णविवरात पडतात आणि थेट २०२२ मध्ये बाहेर येतात. भोवतालचे जग बदललेले असते, ते दोघे होते तसेच राहतात. एका महाविद्यालयात त्यांना गोऱ्या पुरुषांना आपसूक मिळणाऱ्या सवलतींविषयी सांगितले जाते, तेव्हा आपल्याला काहीही उचलून न्यायची मुभा आहे, असा अर्थ ते काढतात.

या पुनरागमनात जज यांनी पात्रांना शहाणे केले नाही, हाच त्यांचा सर्वांत योग्य निर्णय. १९९३ मध्ये दिवसभर पडद्यासमोर बसून दिसेल त्यावर शेरा मारणारी मुले अपवाद वाटत होती. नव्या मालिकेत ती यूट्यूब आणि टिकटॉकवरचे तुकडे पाहतात, आणि आता तेच काम घरोघरी शिकलेसवरलेले लोक हातातल्या मोबाइलवर करतात. वीस सेकंद पाहायचे, एक शेरा टाकायचा, पुढे सरकायचे. मुले जागची हलली नाहीत, समाजच त्यांच्या सोफ्यापर्यंत येऊन पोहोचला. ती आधुनिक आणि समंजस झाली असती, तर हे अंतर मोजायला खूणच उरली नसती. जुन्या पात्राला नव्या काळात आणण्याचे समर्थन एवढ्यानेच होते की, त्याच्यामुळे नवा काळ उघडा पडावा.

यावर पहिला आक्षेप संस्कारांचा आहे आणि तो हलका नाही. १९९३ मध्ये ओहायो राज्यात पाच वर्षांच्या मुलाच्या हातून घराला आग लागली आणि त्याची दोन वर्षांची बहीण दगावली. आईने या मालिकेला दोष दिला. एमटीव्हीने मालिका रात्री उशिराच्या वेळेत हलवली आणि आगीचे उल्लेख काढले. ते योग्यच होते, कारण कार्टून म्हणजे लहान मुलांचे, हा समज घातक आहे. मोठ्यांसाठीची गोष्ट मोठ्यांच्याच वेळेत असावी. दुसरा आक्षेप असा की, अशाने आळसाचे कौतुक होते. पण या दोघांच्या हाती कधी काही लागत नाही. पैसा नाही, मैत्रीण नाही, मान नाही. मूर्खपणाची फळे इतक्या सातत्याने दाखवणाऱ्या मालिकेला आळसाची जाहिरात म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप जुन्या आठवणींच्या व्यापाराचा. तो अनेक पुनरागमनांना लागू पडतो. मात्र नव्या काळाविषयी काही सांगायचे असेल, तर केवळ पैसा मिळतो म्हणून ते खोटे ठरत नाही.

बडग्या आणि ही जोडी यांत एक मोठा फरक आहे. बडग्यावर आपण दुसऱ्याचे पाप लादतो आणि त्याला जाळून मोकळे होतो. काळ्या मारबतीत तर एका स्त्रीच्या माथी सगळा दोष मारला जातो, याचाही विचार व्हायला हवा. हे दोन रिकामटेकडे पाहताना मात्र दोष बाहेर ढकलता येत नाही, कारण त्यांच्यासारखेच आपणही पडद्यासमोर बसलेले असतो. स्वतःवर हसायला लावणारा हा विनोद अधिक कठीण आणि अधिक गरजेचा आहे. नागपूरच्या पानठेल्यावर बसणाऱ्या दोन पोरांना घेऊन, अस्सल वऱ्हाडीत, फक्त मोठ्यांसाठी अशी मालिका व्हायला हवी. वऱ्हाडी बोली म्हणजे नुसते हसण्याचे निमित्त, ही पडद्यावरची सवय तिने मोडावी. त्या बोलीतून बाकीच्यांची परीक्षा व्हावी. बडग्या करणाऱ्या शहराकडे उद्धट विनोदाचे धैर्य आहे. नागपूरच्या तरुण चित्रकारांनी आणि लेखकांनी ते आता स्वतःच्या काळावर वापरावे.