रिझर्व्ह बँकेवर लगाम कोणाचा? वाद दिल्ली-मुंबईचा, ठेव आपली

जानेवारी २०२०. बंगळुरूच्या श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एका ठेवीदाराला ३५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. निवृत्तीचे पैसे अडकलेले ज्येष्ठ नागरिक विचारू लागले, "रिझर्व्ह बँक इतके दिवस काय करत होती?" चारच महिन्यांपूर्वी मुंबईत पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनीही हाच प्रश्न विचारला होता.

रिझर्व्ह बँकेच्या 'स्वायत्तते'च्या बातम्या वाचताना हा प्रश्न आठवा. त्याला दोन बाजू आहेत.

पहिली बाजू : हात मोकळे हवेत

व्याजदर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेचे मोठे काम. निवडणूक जवळ आली की कर्ज स्वस्त व्हावे, असे कोणत्याही सरकारला वाटू शकते. पण दर अवेळी उतरले तर महागाई वाढते आणि झळ बचत करणाऱ्याला बसते. समजा, तुम्ही १ लाख रुपये ६ टक्के व्याजाने ठेवले. वर्षाने १,०६,००० मिळाले. महागाई ७ टक्के असेल, तर १ लाखात येणाऱ्या वस्तूंना आता १,०७,००० लागतात. पासबुकात रक्कम वाढली, पण पिशवीत सामान कमीच आले.

म्हणून २०१६ पासून दर ठरवायला सहा जणांची समिती आहे : तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांत ठेवायची, हे तिचे उद्दिष्ट.

तरी सरकारकडे एक अधिकार आहेच. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ नुसार गव्हर्नरांशी विचारविनिमय करून सरकार लोकहितासाठी बँकेला निर्देश देऊ शकते. २०१८ मध्ये या कलमावरून माध्यमांत बरीच चर्चा झाली. ऑक्टोबरमध्ये डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी स्वायत्ततेला धक्का लावण्याचे धोके जाहीर भाषणात सांगितले. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. असा तणाव नवा नाही. १९५७ मध्ये गव्हर्नर बी. रामा राव यांनी अर्थमंत्र्यांशी झालेल्या मतभेदांतून पद सोडले होते.

दुसरी बाजू : जाबही द्यावा लागतो

मोकळे हात म्हणजे मनमानी नव्हे. सलग तीन तिमाही महागाई ठरलेल्या मर्यादेबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणे द्यायची असतात. २०२२ मध्ये ही वेळ प्रथमच आली. ते पत्र तेव्हा जाहीर झाले नाही, म्हणून टीकाही झाली.

देखरेखीतही जबाबदारी स्पष्ट हवी. सहकारी बँकांवर पूर्वी दोन मालक होते : बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, तर नोंदणी आणि कारभार सहकार निबंधकांकडे. चूक झाली की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. २०२० च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. राज्यांच्या हक्कांवर आक्रमण, अशी टीका सहकार क्षेत्रातून झाली. पण आता जाब कोणाला विचारायचा, हे ठेवीदाराला अधिक स्पष्ट झाले.

आपण काय करावे?

• बातमी वाचताना दोन गोष्टी पाहा : निर्णय कोणी घेतला आणि त्याची कारणे लोकांसमोर ठेवली का?

• ठेवीचे व्याज महागाईशी ताडून पाहा.

• ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल व व्याज धरून, ५ लाखांपर्यंत आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाख होता. शाखा वेगळ्या असल्या तरी बँक एकच धरली जाते.

• २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यास विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी केवायसी आणि वारस नोंद आजच तपासा.

रिझर्व्ह बँक मोकळी हवी आणि उत्तर देणारीही हवी. यातले एक जरी सुटले, तरी किंमत ठेवीदारच मोजतो.